एकट्या ‘मी’चं माप

वाचकाचं पत्र, थोडक्यात : नाशिकच्या सिडकोत दोन मित्रांबरोबर खोली करून राहणारा 26 वर्षांचा तरुण. मूळचा कळवण तालुक्यातला. अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीत आहे आणि गेले सात महिने सलग नाईट शिफ्ट करतो आहे. पहाटे मोबाईलवर तत्त्वज्ञानाचे व्हिडिओ बघता बघता एक विचार डोक्यात शिरला, तो निघतच नाही, असं तो लिहितो. विचार असा : मला थेट कळतं ते फक्त माझं मन. बाकीची माणसं दिसतात, बोलतात, पण त्यांना आतून काही जाणवतं याचा पुरावा माझ्याकडे नाही. कदाचित सगळं जग माझ्याच मनाचा खेळ असेल. ‘खूप प्रयत्न केला, पण हे मला खोडता आलं नाही. खोडता येत नाही म्हणजे खरंच असणार ना? गावाकडे कीर्तनातही सांगतात, जग मिथ्या आहे.’ मागच्या महिन्यात आईचा फोन आला. ती रडत होती. हे रडणंही आपल्याच मनातून येतंय असं त्याला वाटलं आणि ‘नंतर बोलतो’ म्हणून त्याने फोन ठेवला. तेव्हापासून त्याला स्वतःचीच भीती वाटते. खोलीतल्या मित्रांना सांगितलं तर ते हसले. ‘मला वेड लागतंय, की मला खरं कळलंय?’ असं त्याने विचारलं आहे.

प्रिय मित्रा,

तू माझ्यापुढे दोनच पर्याय ठेवलेस, वेड किंवा सत्य. मला तुझ्या पत्रात तिसरंच काही दिसतं. तुझी झोप मोडली आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत तुझ्या हाती एक खराखुरा, फार जुना आणि अवघड प्रश्न लागला आहे. दोन्ही गोष्टी एकाच पहाटे आल्या म्हणून एकमेकींत कालवल्या गेल्या. आधी त्या वेगळ्या करू.

सात महिने रात्री जागायचं, आणि दिवसा सिडकोतल्या खोलीत पडद्याआडून येणाऱ्या उजेडात आणि भाजीवाल्यांच्या ओरडण्यात तुकड्यातुकड्याने झोपायचं. अशा दिवसांत जग काचेपलीकडचं वाटू लागतं. माणसं सपाट, चित्रातल्यासारखी भासतात. आपला आवाज आपल्यालाच लांबून आल्यासारखा वाटतो. डॉक्टरांकडे या अनुभवाला नावं आहेत, डीरिअलायझेशन आणि डीपर्सनलायझेशन. अपुरी झोप, सततची चिंता, मोठा धक्का, गांजासारखी नशा, यांतल्या कशानेही तो येऊ शकतो. हे वाटणं विचित्र आहे, हे तुला कळतंय आणि तू त्याला घाबरतोयस, यातच दिलासा आहे. पण दिलासा म्हणजे उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांकडे एकदा जाऊन ये. सिव्हिल हॉस्पिटलमध्येही जाता येईल. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करून ‘मला तत्त्वज्ञानाचा प्रश्न पडलाय’ असं सांगू नकोस. ‘मला झोप नाही, आईचं रडणं मला खरं वाटलं नाही आणि त्याची मला भीती वाटते’ असं सांग. आणि कधी काही आवाज ऐकू यायला लागले, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करावी असं मनात आलं, किंवा ‘बाकीची माणसं खरी नाहीतच’ अशी पक्की खात्री वाटू लागली, तर एक दिवसही थांबू नकोस.

एवढं सांगून झालं. आता प्रश्नाकडे वळते, कारण डॉक्टर झोप दुरुस्त करतील, प्रश्नाचं उत्तर मात्र देणार नाहीत. आणि तुझ्या मित्रांसारखं हसून तो टाळावा असा हा प्रश्न नाही.

फक्त माझं मनच खरं, या मताला सॉलिप्सिझम म्हणतात, मराठीत अहंमात्रवाद. इंग्रज तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलनी 1948 साली आलेल्या आपल्या ग्रंथात एक आठवण दिली आहे. ख्रिस्तीन लॅड-फ्रँकलिन या नामवंत तर्कशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना पत्रातून कळवलं होतं की आपण अहंमात्रवादी आहोत, आणि बाकी कुणी तसं नाही याचं आपल्याला नवल वाटतं. मी तीस वर्षं नाशिकमध्ये तत्त्वज्ञान शिकवलं. हा किस्सा सांगितला की वर्ग हसायचा, कारण दुसरं कुणी नाही म्हणणारी बाई ते दुसऱ्यालाच पत्रातून कळवत होती. पण तू मला पत्र लिहिलंस, म्हणजे तूही हरलास, असं मी म्हणणार नाही. त्याने एवढंच दिसतं की तुझं मत आणि तुझं वागणं जुळत नाही. मत खोटं आहे हे त्याने ठरत नाही. ज्याला भीती वाटते आहे त्याला शब्दांत पकडून काय मिळणार?

तुझं वाक्य घेऊ : ‘खोडता येत नाही म्हणजे खरंच असणार.’ अडचण इथून सुरू होते, आणि ती तुझ्याइतकी चांगली क्वचितच कुणाला कळेल. तू रोज माप तपासायचा गेज लावून पीस तपासतोस. समज, एखादा गेज कुठलाही पीस लावला, मोठा, लहान, तिरका, तरी ओकेच दाखवतो. त्याला तू शॉपमधला सगळ्यात भरवशाचा गेज म्हणशील? लाल टॅग लावून बाजूला ठेवशील. आता तुझा विचार बघ. आई रडली, माझ्या मनाचा खेळ. नसती रडली, तरी माझ्याच मनाचा खेळ. मित्र हसले काय, गप्प बसले काय, मी हे उत्तर लिहिलं काय, सगळं त्याच खेळात. जगात काहीही घडलं तरी हा विचार ओकेच दाखवणार. तो खोडता येत नाही, कारण तो कशाला लागतच नाही. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर म्हणायचा की अहंमात्रवाद हा जिंकता न येणारा किल्ला आहे, पण आतल्या शिबंदीलाही बाहेर पडता येत नाही, म्हणून त्याला बगल देऊन खुशाल पुढे जावं. मी मात्र तुला बगल द्यायला सांगत नाही. तू त्या किल्ल्यात राहतो आहेस. मला आत येऊन बघायचंय की तिथे नक्की कोण राहतं.

तू गृहीत धरलंस की ‘मी’ पक्का आणि बाकी सगळं कच्चं. व्हिडिओंत बहुधा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञापर्यंतची गोष्ट सांगितली असेल. 1641 साली त्याने लिहिलं की एखादी दुष्ट, बलाढ्य शक्ती मला प्रत्येक बाबतीत फसवत असेल असं धरू. तरी फसायला मी असायला हवाच. मी विचार करतो, म्हणजे मी आहे. इथे पुष्कळजण थांबतात. देकार्त थांबला नव्हता. तो पुढे ईश्वराच्या आधाराने बाहेरच्या जगाकडे परतला. त्याचा तो रस्ता अनेकांना पटला नाही, मलाही नाही. पण माझं म्हणणं त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. लिश्टेनबेर्ग नावाचा अठराव्या शतकातला एक जर्मन भौतिकशास्त्रज्ञ होता. त्याने आपल्या टिपणवह्यांत नोंदलं की ‘मी विचार करतो’ म्हणणं जरा जास्तच झालं. वीज चमकते म्हणतो, तसं ‘विचार होतो आहे’ एवढंच म्हणावं.

त्याला जर्मनमध्ये हे सांगायला कष्ट पडले असतील. मराठीला पडत नाहीत. आपण ‘उजाडलं’ म्हणतो. कोण उजाडलं? कर्ता नाहीच. आपण ‘मला वाटलं’, ‘मला आठवलं’, ‘मला सुचलं’, ‘मला भूक लागली’ म्हणतो. या सगळ्या वाक्यांत ‘मी’ काही करत नाही, त्याच्याकडे काहीतरी येतं, पाहुणा यावा तसं. आणि तू पत्रात स्वतःच लिहिलंस : ‘एक विचार डोक्यात शिरला, तो निघतच नाही.’ तू त्याला आणलं नाहीस, तुला तो घालवता येत नाही. तरीही सगळ्या जगाचा कर्ता तू? ज्याला स्वतःचा एक विचार दाराबाहेर काढता येत नाही, त्याने सह्याद्री उभा केला असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. अर्थात व्याकरणावरून जग सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘मी’ हा शब्द दिसतो तितका निर्विवाद नाही, हे आपली भाषा रोज सांगत असते.

स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 साली हे आणखी ताणलं. स्वतःच्या आत शिरून ‘मी’ला पकडू पाहतो, तर हाताला लागतं ते थंड किंवा गरम, उजेड किंवा सावली, प्रेम किंवा द्वेष, असं काहीतरी. या सगळ्याशिवायचा निव्वळ ‘मी’ कधी सापडत नाही. आणि हे युरोपातून आणायचीही गरज नाही. सिडकोतून मुंबई हायवेवर आलास की डोंगरात त्रिरश्मी लेणी दिसतात, ज्यांना आपण पांडवलेणी म्हणतो. चोवीस लेणी, आणि पांडवांशी संबंध फक्त नावाचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथल्या कोठड्यांत राहणारे भिक्खू नेमकी हीच तपासणी करत असत. त्यांच्या परंपरेत भिक्खू नागसेन आणि राजा मिलिंद यांचा संवाद आहे. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? नाही. मग रथ कुठे आहे? भाग जुळून आले की ‘रथ’ हे नाव चालतं. तसंच ‘नागसेन’ हे नाव.

हे ऐकून ‘म्हणजे मीही नाही’ अशा दुसऱ्या खड्ड्यात पडू नकोस. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांनी बौद्धांना उलट उत्तर दिलं होतं : जी वस्तू मी डोळ्यांनी पाहिली तीच मी आता हाताने चाचपतो आहे, हे ओळखणारा कुणीतरी एक असल्याशिवाय ही ओळख पटणार कशी? शतकानुशतकं हा वाद चालला. माझा कल बौद्धांकडे आहे, पण नैयायिकांचं म्हणणं माझ्याच्याने पूर्ण सोडवत नाही. मला तुला एवढंच दाखवायचंय की तुझी तपासणी अर्धवट आहे. आईच्या मनाला तू टेन-एक्स भिंगाखाली धरलंस, आणि ‘मी’ला न तपासताच पास केलंस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तू बारीक मापं घ्यायला व्हर्निअर वापरतोस. व्हर्निअर बरोबर आहे का, हे कशावरून ठरवतोस? त्याच व्हर्निअरने त्याच व्हर्निअरची दांडी मोजून? नाही. मास्टर लागतो, नेमक्या मापाचे स्लिप गेज लागतात, कॅलिब्रेशनला पाठवावा लागतो. विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1953 साली आला. त्यातली एक कल्पना अशी : समजा एखाद्याला आत काही संवेदना होते, आणि ती जेव्हा जेव्हा होईल तेव्हा तो डायरीत एक खूण करतो. खुणेचा अर्थ फक्त त्यालाच माहीत. आता आज झाली ती संवेदना कालचीच, हे तो कशावरून म्हणेल? ‘मला तसं वाटतं’ यावरून. मग ‘बरोबर असणं’ आणि ‘बरोबर वाटणं’ यांत फरकच उरत नाही. आणि जिथे चुकण्याची जागा नाही, तिथे बरोबर असण्यालाही अर्थ नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर ते रीडिंगच नव्हे.

याचा आपल्या प्रश्नाशी संबंध असा. ‘फक्त मीच खरा आहे’ हा विचार करायला तुला ‘मी’ लागतो, ‘फक्त’ लागतं, ‘खरा’ लागतं. हे शब्द तुला आले कुठून? ‘दुखतं’ हा शब्द तू अंगणात पडून गुडघा फुटला तेव्हा शिकलास. तू रडत होतास, आणि आईने फुंकर घालत ‘दुखलं का रे?’ विचारलं. दुखणं तुझं, शब्द तिचा, आणि तो बरोबर लागला का हे तपासणारीही तीच. ‘मी’ तर त्याहून अवघड शब्द. लहान मूल आधी स्वतःला नावाने हाक मारतं. ‘बाळाला दूध हवं’ असं म्हणतं. घरातले सगळे त्याला ‘तू’ म्हणतात, आणि त्याने मात्र स्वतःला ‘मी’ म्हणायचं असतं. समोरच्याचा ‘मी’ म्हणजे माझा ‘तू’, आणि माझा ‘मी’ म्हणजे त्याचा ‘तू’, ही अदलाबदल उमजल्याशिवाय तो शब्द वापरताच येत नाही. ‘मी’ कळायला ‘तू’ आधी लागतो. मराठीने तर पुढे जाऊन ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे ठेवलेत. समोरच्याला बाहेर ठेवलं की ‘आम्ही’, आत घेतलं की ‘आपण’. स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने 1959 साली हाच धागा तर्काने मांडला : एखादं दुःख ‘माझं’ म्हणायचं तर ते दुसऱ्या कुणाचं असू शकतं हे आधी कळावं लागतं. दुसरं कुणी नसेल तर ‘माझं’ या शब्दाला धारच राहत नाही. तू दुसऱ्यांना पुसून टाकून ‘मी’ शिल्लक ठेवायला निघालास, पण त्यांच्याबरोबर तोही पुसला जातो.

तू म्हणशील, मग मी दुसऱ्यांच्या मनाबद्दल अंदाज तरी कशावरून करतो? जॉन स्टुअर्ट मिलने एकोणिसाव्या शतकात उत्तर दिलं होतं : मला भाजलं की मी ओरडतो, तोही ओरडतो, म्हणजे त्यालाही भाजलं असणार. व्हिडिओंत हे उत्तर आलं असेल आणि तुला ते अपुरं वाटलं असेल. तुझं बरोबर आहे. हे तर एका पीसवरून सगळा लॉट पास करण्यासारखं झालं. पण याचा निष्कर्ष ‘लॉट रिजेक्ट’ असा नाही. आपण मुळात असा अंदाज करतच नाही, हा आहे. सहा महिन्यांचं बाळ आईच्या चेहऱ्याकडे बघून हसतं, तेव्हा ते आपल्या हसण्यावरून तिच्या आनंदाचा हिशेब मांडत नसतं. दुसरा माणूस ही आपण मागाहून काढलेली अटकळ नव्हे. तिथूनच तर आपण सुरू झालो.

माझे वडील तांबट होते. जुन्या तांबट लेनमध्ये आमचं घर होतं, दिवसभर मठारकामाचे ठोके चालायचे. शेवटच्या चार वर्षांत त्यांची स्मृती गेली. मला ते माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत. एकदा त्यांनी आईला विचारलं, ‘मी कोण गं?’ तिने सांगितलं, नाव, गाव, धंदा, किती मुलं, सगळं, जसं मुलाला सांगावं तसं. ते शांत झाले. पुढे रोज संध्याकाळी ती सांगायची. मी तोवर आयुष्यभर वर्गात ‘मी’बद्दल बोलत आले होते, पण ‘मी’ ही एकट्या डोक्यात ठेवलेली वस्तू नाही, हे मला त्या ओट्यावर कळलं. त्यांच्या आतलं गेलं होतं आणि तरी ते होते, कारण त्यांचा काही भाग तिने सांभाळून ठेवला होता. कुणी हातात हातोडी दिली की ठोके मात्र बरोबर पडायचे. तेही त्यांचाच ‘मी’ होतं असं मी मानते.

कीर्तनाबद्दल एक गैरसमज दूर करते, कारण तो पुष्कळांचा असतो. ‘जग मिथ्या’ म्हणजे ‘फक्त मी, कळवणचा अमुक, खरा’ असं अद्वैत सांगत नाही. अद्वैतात पहिली गळते ती हीच ‘मी अमुक’ अशी अहंता. अहंमात्रवाद जग टाकतो आणि अहंकार ठेवतो. दोघांची वाट विरुद्ध दिशांची. ‘सगळं फक्त मनातच आहे’ म्हणणाऱ्यांशी खुद्द शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात वाद घातला आहे. ते म्हणतात, जेवणारा माणूस जेवताना, तृप्ती अनुभवत असताना, ‘मी जेवत नाही, मी तृप्त होत नाही’ म्हणाला तर त्याचं कोण ऐकेल? आणि जागेपण स्वप्नासारखंच आहे, हेही ते तिथे मान्य करत नाहीत, कारण स्वप्न जागेपणी खोटं ठरतं, जागेपणीचं तसं ठरत नाही. पुढे याच परंपरेत एकच जीव मानणारा पक्षही निघाला, सोळाव्या शतकातल्या प्रकाशानंदांचं नाव त्यात घेतात. पण त्यांचाही तो ‘एक’ म्हणजे पगाराच्या स्लिपवर नाव असलेला तू नव्हेस.

आता त्या फोनकडे येऊ. सातव्या शतकात धर्मकीर्ती नावाचा बौद्ध आचार्य होऊन गेला. ज्या विचारधारेत तो लिहीत होता ती मनाबाहेर वस्तू मानत नव्हती. तिच्यावर आक्षेप असा, की मग दुसऱ्यांची मनं तरी कशी मानता? त्याने यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, संतानांतरसिद्धी, म्हणजे दुसऱ्या मनाची सिद्धता. आज तो तिबेटी भाषांतरात टिकून आहे. त्याचा मुद्दा असा : मी बोलतो तेव्हा आधी माझ्या मनात इच्छा उठते. पण असं बोलणं, असं हालचाल करणंही माझ्या अनुभवाला येतं, ज्याच्या आधी माझ्या मनात कुठलीच इच्छा उठलेली नसते. तिथे दुसरी इच्छा असली पाहिजे, म्हणजे दुसरं मन. चार शतकांनी रत्नकीर्तीने, त्याच परंपरेतल्या पंडिताने, परमार्थाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, पातळीवर हे टिकत नाही असं लिहिलं. म्हणजे वाद तिथेही मिटला नाही, आणि मीही तो मिटवल्याचा आव आणत नाही.

पण धर्मकीर्तीचा मुद्दा तुझ्या फोनला लावून बघ. तू आईला रडवलं नव्हतंस. ती रडेल अशी तुझी कल्पना नव्हती, इच्छा तर नव्हतीच. तरी ती रडली. तुझं पत्र मी पुन्हा उघडून बघितलं. ती का रडली हे त्यात कुठेच नाही. तू लिहायला विसरलास असं मला वाटत नाही. तुला ते माहीतच नाही, कारण तू विचारायच्या आत फोन ठेवलास. ते रडणं तुझ्या मनातलं असेल तर त्याचं कारणही तुझ्या मनातच असायला हवं. मग ते तुला सापडत का नाही? तू म्हणशील, माझ्या मनाचा एखादा भाग माझ्यापासूनच लपलेला असेल. असेल. पण जो भाग तुला माहीत नाही, तुझं ऐकत नाही, स्वतःच्या कारणांनी रडतो आणि तुझी वाट बघतो, त्याला ‘माझं मन’ म्हणण्यात ‘माझं’ काय उरलं? त्याला आपल्याकडे आधीपासून एक शब्द आहे. आई.

माझ्याकडे अशी पत्रं गंगापूर रोडच्या अभ्यासिकांतून येतात, एकट्याने परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींची. नवरा गेल्यानंतर वर्षभर कुणाशी न बोललेल्या एका बाईंचंही आलं होतं. सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते, की प्रश्न पडला तेव्हा माणूस बराच काळ एकटा होता. म्हणून काही साध्या गोष्टी सांगते. सुपरवायझरकडे शिफ्ट बदलून माग. सात महिने सलग नाईट कुणालाही मानवत नाही, आणि कारण म्हणून ‘झोप होत नाही, तब्येत बिघडतेय’ एवढं पुरतं. पहाटे मोबाईल बंद. तत्त्वज्ञान सोडू नकोस, उलट वाच, पण दिवसा वाच, आणि कुणाबरोबर तरी वाच. या प्रश्नाशी पहाटे चार वाजता वाद घालायचा नाही, हा नियमच कर. त्या वेळी तो जिंकतो, कारण तू दमलेला असतोस. ह्यूमलाही असं झालं होतं. या प्रश्नांनी तो पार अंधारात गेला, आणि त्यानेच लिहून ठेवलंय की मी जेवतो, बॅकगॅमन खेळतो, म्हणजे आपल्या सारीपाटासारखा फाशांचा खेळ, मित्रांशी गप्पा मारतो, आणि तीन-चार तासांनी या विचारांकडे वळतो तेव्हा ते थंड, ओढूनताणून आणलेले वाटतात. हा पुरावा नव्हे. पण त्याने प्रश्न टाकला नाही, फक्त माणसांत जाऊन मग तो हाती घेतला.

तेव्हा रविवारी मित्रांबरोबर मिसळ खायला जा. ते हसले, पण बहुतेक त्यांना कळलं नाही म्हणून हसले. त्यांना तत्त्वज्ञान सांगू नकोस, ‘मला एकट्याला पहाटे भीती वाटते’ एवढं सांग. अंगाने दुसऱ्यांबरोबर करायची कामं निवड, ढोलपथक, कबड्डी, गावाकडची कांद्याची लागण, जिथे समोरच्याच्या हातावर तुझा हात ठरतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. वर्षभर झाकलेल्या त्या हौदात शेजारचा माणूस उडी मारतो आणि रंगाचं पाणी तुझ्या तोंडावर येतं, ते कधी आणि किती येणार हे तू ठरवत नाहीस. ‘काचेपलीकडचं’ वाटणाऱ्या माणसाला अशा गोष्टींचा उपयोग होतो, निदान माझ्या काही विद्यार्थ्यांना झाला.

आणि हे वाचणाऱ्या घरच्यांना : तुमच्या मुलाने किंवा मुलीने असं काही सांगितलं तर हसू नका, ‘फालतू वाचन बंद कर’ म्हणू नका, देवऋष्याकडे नेऊ नका. झोप विचारा. जेवण विचारा. मग शांतपणे तो प्रश्नही विचारा, तो काय आहे ते. आपल्याला उत्तर येत नसलं तरी चालतं. ज्याला वाटतंय की समोर कुणी नाही, त्याला समोरचा माणूस आपलं ऐकतो आहे हे दिसायला हवं.

मित्रा, राहिला तो फोन. आईला अपराधीपणाने, माफी मागायला म्हणून करू नकोस. तिला तुझा अहंमात्रवादही सांगत बसू नकोस. एकच प्रश्न विचार, ज्याचं उत्तर तुझ्याकडे नाही : ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ मग गप्प राहा, तिला बोलू दे. ती जे सांगेल ते तुला आधीपासून माहीत होतं का, एवढंच ऐकताना बघ. आणि जमलं तर दोन ओळी मलाही लिही. ती का रडली, हे मलाही माहीत नाही.